कणीएवढा स्क्रू

बांगड्याची आमटी आणि उकडा भात पोटात असला की दुपारी अडीचला माणूस जागा राहत नाही, हा निसर्गनियम आहे. अच्युत नाबर त्या नियमाशी भांडतो आहे. सावंतवाडीतल्या आपल्या घराच्या पडवीत, आरामखुर्चीत, मांडीवर मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची जुनी लेन्स घेऊन तो बसला आहे. तिचं शटर लाकडी बोर्डावर घट्ट बसत नाही. कळ ओढायला जावं तर अख्खं शटर गरगर फिरतं. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं रुतवून मागची रिंग सकाळपासून सात वेळा आवळून झाली आहे. सातही वेळा ती सैल पडली आहे.

पाच वाजता इंदूवयनी येणार आहेत. दाजी म्हापणकरची बायको. उद्या त्या मुलाकडे बडोद्याला चालल्या आहेत, कायमच्या, आणि त्याआधी दाजीच्या लेन्सने काढलेला स्वतःचा एक फोटो त्यांना हवा आहे. फिल्म एकच उरली आहे. लेन्स खरं तर दोघांची: सोम-बुध-शुक्र दाजीच्या स्टुडिओत, बाकीचे दिवस अच्युतच्या. दाजीला जाऊन वर्ष झालं. जाण्याआधीचे सात महिने दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

डोळा लागला म्हणावं तर लागत नाही. पडवीतला उजेड तेवढा लाल होतो.

"अजून घट जावक नाय?" दाजी विचारतो. तो डार्करूमच्या स्टुलावर बसला आहे. अंगात बनियन, गालात पान.

"तू कित्याक इलस?"

"आज बांगडे व्हते मां? वास येता."

अच्युतचं डोकं सणकतं. मेलेल्या माणसाने तरी मुद्द्यावर यावं! "दाजी, मागचो बारको स्क्रू खंय आसा?"

तांदळाच्या कणीएवढा तो स्क्रू. शटरच्या पाठीवर असतो आणि बोर्डाच्या खाचेत बसतो, म्हणून शटर फिरत नाही. दाजीच्या बोर्डाला खाच नव्हती, म्हणून त्याने तो काढला. पुढे अच्युतने काढलेले एका लग्नाचे सगळे फोटो हलले, आणि अच्युतने भर बाजारात दाजीला नाही नाही ते सुनावलं.

"तुका परत दिलंय," दाजी म्हणतो.

तो आता गुडघाभर पाण्यात उभा आहे. फोटो धुवायच्या ट्रेमधलं पाणी पसरत पसरत तलाव झालं आहे आणि दाजी त्यात ओले फोटो हलवतो आहे. अच्युतचीही चप्पल भिजली आहे.

"कधी दिलंस? खोटा बोला नको!"

"इंदूच्या हातान धाडलंय. भांडणाच्या दुसऱ्याच दिसा."

"वयनीन माका साबण हाडून दिल्यान. साबण! कागदात गुंडाळलेलो. मी काय घाणेरडो आसंय?"

दाजी फोटो झटकतो. थेंब अच्युतच्या चष्म्यावर उडतात. "अच्युता, बारके स्क्रू मी खंय ठेवतंय?"

"साबणात," अच्युत म्हणतो.

तीस वर्षं बघितलेली सवय. टेबलावर ठेवला की स्क्रू घरंगळतो, म्हणून दाजी तो साबणाच्या वडीत खुपसायचा. पण रागाला डोळे नसतात. तो साबण अच्युतने अपमान समजून डार्करूमच्या कोनाड्यात भिरकावला होता, कागदासकट.

"मगे सांगूक काय झाला व्हता तुका?" तो ओरडतो. "सात म्हयने, दाजी! सात म्हयने मी तुझ्याशी बोलाक नाय!"

"बोलाक नाय ता ऱ्हवांदे." दाजी पान दुसऱ्या गालात सरकवतो. "पण त्या साबणान आंघोळ तरी करूची व्हतीस. दोन दिसात स्क्रू गावलो असतो."

अच्युत त्याला धरायला हात पुढे करतो. हाताला खुर्चीचा दांडा लागतो.

चार वाजले आहेत. लेन्स मांडीवर तशीच आहे. चप्पल कोरडी. उजव्या अंगठ्याच्या नखात मात्र काहीतरी हिरवं रुतलं आहे. तो वास घेतो. कडुलिंबाचा साबण.

तो उठून डार्करूममध्ये जातो. कोनाड्यात कागद उघडा पडला आहे. सुकून तडकलेल्या वडीवर नखाचा ताजा ओरखडा, आणि ओरखड्याच्या तळाशी स्क्रूचं डोकं.

"मेल्या," अच्युत म्हणतो, "चिठी तरी लिवची व्हतीस." त्याला रडू येतं, आणि रडू येतं म्हणून आणखी राग येतो. त्या रागातच तो स्क्रू बसवतो आणि रिंग आवळतो. कळ ओढून पाहतो. शटर खट् वाजतं, पण जागचं हलत नाही.

बाहेर फाटक वाजतं. "भावोजी, झाला काय तयार?" इंदूवयनी लवकर आल्या आहेत.

"इलंय, वयनी!" सवयीने तो मोरीकडे वळतो, नळ सोडतो, नखातलं हिरवं बघतो, आणि बंद करतो. हात न धुताच तो कॅमेऱ्याकडे जातो.