ओलीचे दोन सेकंद

"घोड्यांनी खाल्लं त्याला," आत्या बंबापाशी काकूला सांगत होती. "सुमन, त्या वह्या जाळून टाक. घरात लग्नाची पोरगी हाय."

लग्नाची पोरगी म्हणजे मी. आत पाहुण्यांच्या कपबशा पुसत होते आणि नेहमीसारखी गप्प होते. काकांचं तेरावं दुसऱ्या दिवशी होतं...

काकांचं भोरला घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पावसाळ्यात पुण्याला घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, की जमेल त्या रविवारी ते पहिल्या एसटीनं निघत. पैसे लावत का? लावत, थोडे. ते मी झाकणार नाही. पण त्यांचा जीव अडकला होता तो वेळेत. प्रत्येक घोड्याचा छापलेला टाइम ते वहीत उतरवत आणि शेजारी स्वतः काढलेला दुसरा टाइम लिहीत. शर्यतीचं पुस्तक इंग्रजीत असे आणि काकांचं इंग्रजी घड्याळाच्या तबकडीपाशी संपत असे. मी तेव्हा पुण्याला होस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. वर्गात माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सुटीत दुकानात बसून मात्र मी तासभर मोठ्यानं वाचत असे. 'लकी थर्सडे' नावाचा घोडा काकांच्या वहीत नुसता 'गुरुवार' म्हणून धावत होता.

"छापलाय तो टाइम खरा ना? मग दुसरा कशाला?" मी एकदा विचारलं.

काकांनी डोळ्याचं भिंग काढलं. "आंबवड्यास्नं हितं चालत याया उन्हाळ्यात किती लागतं?"

"दोन तास."

"आन् श्रावणात?"

"तीन."

"मग श्रावणात माणूस लंगडा होतो व्हय?"

दिवसभराच्या सगळ्या शर्यती ते नेहमीच्या वेळेशी ताडून बघत. सगळ्याच दोन सेकंद उशिरा संपल्या असतील, तर घोडे मंद नव्हते, मैदान जड होतं. मग प्रत्येक घोड्याला दोन सेकंदांची सूट. ती सूट धरल्याशिवाय चिखलात धावलेला आणि कोरड्यात धावलेला घोडा शेजारी उभे करायचे नाहीत, हा त्यांचा नियम होता.

एका रविवारी त्यांना जाता आलं नाही. भोरला दिवसभर पाऊस कोसळत होता. पुढच्या सुटीत मी त्या दिवसाचे टाइम वाचू लागले. गुरुवारला दोन सेकंद जास्त लागले होते. बाकीच्या शर्यती न ऐकताच काकांनी 'ओल' असं लिहून सूट दिली आणि गुरुवारला पानाच्या डोक्यावर चढवलं. मी तारीख पुन्हा एकदा वाचली... मग म्हटलं, "काका, त्या रविवारी पुण्यात ऊन होतं. होस्टेलच्या दोरीवर माझी चादर तासाभरात वाळली."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. बाकीच्या शर्यती वाचायला लावल्या. सगळ्या वेळेवर संपल्या होत्या. मंद होता तो गुरुवारच.

"म्या भोरचं आभाळ पुण्याच्या मैदानावर घातलं की गं," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. लाल पेन्सिलीनं आकडा खोडून त्यांनी खाली लिहिलं : दुरुस्ती, शालू. संध्याकाळपर्यंत दुकानात येईल त्याला सांगत होते, "आमच्या शालूनं माझी चूक काढली." माझं बरोबर आहे, हे तोवर कुणी दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

काका गेल्यापासूनच्या बारा दिवसांत मी 'नाद' हा शब्द किती जणांकडून ऐकला! साधा घोडासुद्धा कुठल्या जमिनीवर धावला हे विचारल्याशिवाय ज्या माणसानं त्याला मंद म्हटलं नाही, त्याला लोक एका शब्दात मोजून मोकळे झाले. मला ते मान्य नाही. कधी होणारही नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी शेवटी आत्याच वह्यांचा गठ्ठा पदरात घेऊन बंबाकडं निघाली. काकू भिंतीला टेकून बसली होती. मी हातातली बशी ठेवली, पुढं झाले आणि गठ्ठा काढून घेतला.

"आगं, तुला बघाया येनाऱ्यांस्नी काय सांगू म्या?" आत्यानं विचारलं.

माझा आवाज कापत होता, पण निघाला.

"रविवारी येऊ नका म्हणून सांग. रविवारी मुलगी रेसकोर्सवर असते."