राखेचं गाडगं

सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला खेटून आमचं गाव होतं. उन्हाळा लागला की घराघरांत बिबे फोडायचं काम चाले. आतली गोडंबी व्यापारी घेऊन जात आणि काळं, चिकट तेल आमच्या वाट्याला राही. ते तेल अंगाला लागलं की उततं. आधी आग होते, मग फोड येतात, तोंड सुजून डोळे मिटतात. आईचे हात सरावलेले होते, तिला बिबा कधी उतला नाही. मला मात्र जरा कुठे बोट लागलं तरी उतायचा, म्हणून ती कामाला बसली की पडवीकडे फिरकायची मला बंदी होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या कुत्र्याला खाज सुटली. सुरुवात गोचिडांपासून झाली. मानेवरचे, कानामागचे गोचीड आईने एकेक करून वेचले, पण तो खाजवायचा थांबला नाही. मग तिचे उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने आंघोळ, वरून करंजाचं तेल, आणि अंग सुकलं की चाळलेली राख. आमच्याकडे गाईम्हशींना, कोंबड्यांना, सगळ्यांना हेच. गुरांचा डॉक्टर तालुक्याला होता, पण कुत्र्याच्या खाजेसाठी त्याला बोलावलं असतं तर गाव वर्षभर हसलं असतं.

गोचीड गेले, तसा तो थोडा निवलाही. आईला वाटलं, राखच लागू पडली. तिने मग राखेचा हात सैल सोडला. सकाळ-संध्याकाळ ती त्याला हाक मारी आणि बिबे फोडता फोडताच मान चोळून देई. पण आता उलटंच होऊ लागलं. मानेचे केस गळाले. कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग त्यातून पाणी सुटलं. भिंतीला अंग घासून घासून त्याने भिंतीच्या पोपड्यांना रक्त लावलं. आई म्हणे, ''आतली घाण बाहेर निघून राह्यली. निघू दे.'' आणि आणखी राख लावी. तिच्यावर माझा इतका विश्वास होता की अंगणात निंबाच्या आंघोळीला मीही त्याचे पाय धरून ठेवायची.

मग तो लपू लागला. आईचा आवाज आला की भाताच्या तणसाच्या ढिगामागे जाई. निंबाच्या पाण्याची बादली दिसली की थरथर कापे. एका सकाळी त्याने बादलीला धडक देऊन ती उलटवली आणि दात दाखवले. आम्हाला दात दाखवायची ती त्याची पहिलीच वेळ. नेमके तेव्हाच शेजारचे म्हातारे भाऊ अंगणात उभे होते.

''बाई, हे पाण्याले भेते,'' ते म्हणाले. ''अंधारात बसते, तोंडाले फेस आहे. पिसाळलं हे. पोरीले जवळ जाऊ नको देऊ.''

फेस नव्हता, लाळ होती. उन्हाळ्यात कोणत्या कुत्र्याला लाळ गळत नाही? पण गावात एकदा तो शब्द निघाला की परत घेता येत नाही. दुपारपर्यंत आमच्या दारावरून जाणारी बाया-माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागली. माझ्या मैत्रिणीने माझ्यासोबत खेळायला नकार दिला. संध्याकाळी दोघं-तिघं लाठ्या घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, ''तू मारतो का आम्ही मारू?'' बाबांनी सकाळपर्यंतची मुदत मागितली.

त्यांची पाठ वळताच मी तणसामागे गेले. मला भीती वाटत नव्हती, राग आला होता, आणि तो सगळ्या गावावर होता. मी त्याच्या मानेला मिठी मारून पुष्कळ रडले. त्याने माझे कान चाटले.

सकाळी माझा एक डोळा उघडेना. गाल टम्म सुजला होता, हनुवटीवर बारीक फोड होते. शेजारच्या भाऊंनी दुरूनच पाहिलं आणि म्हणाले, ''चढलं विष पोरीले.'' आईची पाचावर धारण बसली. बाबांनी दोर घेतला, कुत्र्याला बांधलं आणि जंगलाची वाट धरली. तोही मुकाट निघाला. कुठे जात होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. जंगलातल्या नाल्याच्या अंगाला बिबट्या रोज फिरे.

आई मला उजेडात घेऊन बसली. माझी हनुवटी वर करून ती बराच वेळ बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला.

''तू बिब्याजवळ गेली होती?''

''नाई.''

''खरं सांग. मी मारत नाई.''

''कुत्र्याजवळ होती. त्याच्या मानेले धरून.''

आई उठली. बिबे फोडायच्या जागी राखेचं गाडगं होतं. बिब्याचं तेल हाताला चिकटू नये म्हणून फोडणाऱ्या बाया मिनिटामिनिटाला राखेत हात घालतात. दिवसभर तेच तेलाचे हात, तेच गाडगं. चुलीपर्यंत कोण उठणार म्हणून कुत्र्यासाठीही ती त्याच गाडग्यातून मूठ भरून घ्यायची. तिने राख बोटांत चोळली. राख कोरडी नव्हती, तिच्या बारीक गोळ्या होत होत्या. माणसाच्या अंगावर बिबा उतलेला ती दुरून ओळखायची, पण कुत्र्याच्या कातडीवर तिला ओळखता आला नव्हता.

आई अनवाणीच धावली. मीही तिच्या मागे, एका डोळ्याने रस्ता बघत. नाल्याच्या अलीकडे बाबा परत येताना भेटले. हात रिकामे होते.

''बांधला?''

''नाईतर मागं आला असता.''

''अवो, तो पिसाळला नाई. मी जाळला त्याले.''

आम्ही तिघं धावलो. मोहाच्या झाडाला तो तसाच बांधलेला होता. जिवंत होता. आजूबाजूला एक पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं, आणि बाबा दोर सोडताना सारखे मागे वळून बघत होते. सुटल्याबरोबर तो बाबांच्या अंगावर उड्या मारू लागला. ज्याने मरायला बांधलं त्याचेच हात चाटू लागला. आईने रडत रडत हात पुढे केला. तो जमिनीला पोट लावून मागे सरकला आणि मुतला.

आई तिथेच मातीत बसली.

घरी आणल्यावर खोबरेल मी लावलं. माझ्या गालाला लावलं आणि त्याच्या मानेलाही. आई दारातून सांगत होती, इथी लाव, कानामागं लाव, हलक्या हातानं. पुढे त्याच्या मानेवर केस आले, गावही विसरलं. भाकरी मात्र त्याला मीच घालायची. आई अंगणातून बाहेर जाईपर्यंत तो तोंड लावत नसे, म्हणून आई बाहेर जायची.