नेरच्या इंदुताईंची जाऊ

यवतमाळात स्वतःच्या चेहऱ्याबद्दल कोणी विचारत नाही. विचारायचंच झालं, तर जावेसाठी विचारतात.

डॉक्टर शाल्मली मॅडम चेहऱ्याच्या सर्जन. त्या दर शुक्रवारी नागपूरहून यायच्या. दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, टेबलाशी, सत्यशीला बसायची. बायका आत यायच्या, पंख्याखालची खुर्ची धरायच्या, पदराने मान पुसायच्या आणि हळूच म्हणायच्या, "ताई, माह्या जावेले इचारायचं होतं." मग त्या जावेच्या गालाला खड्डे असायचे, नाक बसकं असायचं, नाहीतर ओठांच्या बाजूला रेषा पडलेल्या असायच्या. समोरच्या बाईच्या तोंडावरही नेमकं तेच असायचं. पुरुषांना जावा नसतात, म्हणून ते साडूसाठी विचारायचे. दिग्रसकडच्या एका तांड्यावरून खेमसिंग नावाचे धिप्पाड गृहस्थ आले होते. नाक शिवल्यावर साडूला शिंक आली तर टाके तुटतील का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. विचारताना स्वतःचं वाकडं नाक ते रुमालाने झाकून बसले होते.

सत्यशीलाने कधी कोणाला उघडं पाडलं नाही. ती त्या न आलेल्या जावेची अगदी मनापासून चौकशी करायची. सांगायची, गाल भरायचं इंजेक्शन असते, त्याले फिलर म्हणतात. जावेले सुई टोचल्यागत दुखेल, पण आधी बधिर करायचं मलम लावतात. आठ-दहा महिने, कोणाले वर्षभर टिकते. नंतर आपोआप जिरते, गाल पहिल्यापेक्षा खोल जात नाही. वच्छलाबाई नावाच्या शिक्षिकेने विचारलं होतं, की जावेला त्यानंतर वर्गात ओरडता येईल का. सत्यशीला गंभीरपणे म्हणाली, "येते ना. दोन दिवस कमी ओरडा म्हणा त्यायले."

सत्यशीला मूळची राळेगावकडची. तिच्या वडिलांचं, उकंडाचं, शिक्षण विहारातल्या रात्रशाळेपुरतं झालं होतं, पण मुलीला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं आणि नर्सिंगच्या कोर्सला घातलं. काही वर्षं एका प्रसूतिगृहात काढून ती मॅडमकडे आली. स्वभावाने गोड, कामाला चोख, पण एका गोष्टीचा तिला भारी तोरा होता. बाई दारात चपला काढते ना काढते, तोवर तिला काय हवंय ते आपण ओळखतो, असं ती घरी नवऱ्याला रंगवून सांगायची. नवरा, धम्मदीप, आश्रमशाळेत शिक्षक. तो म्हणायचा, "मंग मले काय पाह्यजे ते सांग." ती म्हणायची, "चहा." आणि ते दरवेळी बरोबर निघायचं, त्यामुळे तोरा आणखी वाढायचा.

तो काळ कापसाच्या वाईट वर्षांचा होता. बोंडअळी, पडलेला भाव, खरेदी केंद्रासमोर बैलगाड्यांच्या रांगा. माणसं गाडीखालीच झोपत आणि तिथेच जेवत. दवाखान्याचा हंगामही कापसावर चाले. "कापूस गेला की जावेले घेऊन येते," असं बायका म्हणायच्या, आणि कापूस काही जायचा नाही. एकीने तर विचारलं होतं, की यंदा एकच गाल भरून घेतला आणि दुसरा पुढच्या साली, तर चालेल का. सत्यशीला हसली नाही. तिने मॅडमना विचारून सांगितलं, की नाही चालणार, पण थांबल्याने काही बिघडत नाही, गाल कुठे पळून जात नाहीत.

अशाच एका शुक्रवारी दुपारी इंदुताई आल्या. नेरच्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, उन्हाने रापलेल्या, हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले. उजव्या कानाची पाळी मधोमध फाटून दोन तुकडे लोंबत होते आणि पदर तिथे पुन्हा पुन्हा ओढला जात होता. गाल खप्पड. सत्यशीलाने एका नजरेत ठरवून टाकलं: गाल भरायचेत.

"ताई, माह्या जावेले इचारायचं होतं."

"इचारा ना."

"ते गालाचं इंजेक्शन घेतलं, की सूज येते काय?"

"येते थोडी. दोन-चार दिवसांत उतरते."

"अन् गाल पांढरा पडते काय? मंग त्याच्यावर जाळीजाळी निळं?"

"कोणाले काळंनिळं पडते. सुईचा मार असते तो. बरफ लावायचा."

"ठणका?"

"ठणकाही राह्यते. घाबरू नका बाप्पा. जावेले म्हणा, इतकं भ्यायचं काम नाही."

इंदुताईंनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं," म्हणाल्या, "माहा जीव नुसता टांगणीले लागला होता." त्यांनी पाणी मागून घेतलं, प्यायल्या आणि बस चुकेल म्हणून लगबगीने निघाल्या. नाव सांगितलं नाही, गाव तेवढं बोलण्यात आलं. फोन नंबर सत्यशीलाने मागितला नाही. जावेसाठी आलेल्या बाईचा नंबर मागायचा नसतो, हे तिनेच पाडलेलं वळण होतं.

थोड्या वेळाने ती मॅडमना चहा द्यायला आत गेली आणि गंमत म्हणून सांगू लागली. "आजची जाऊ लय भित्री होती मॅडम. इंजेक्शन घेतलं नाही, काही नाही, अन् आधीच इचारून राह्यली, गाल पांढरा पडते का, जाळीजाळी निळी येते का."

मॅडमनी कप तोंडाजवळून खाली ठेवला. "जाळी हा शब्द तिचा की तुझा?"

"तिचाच."

"सत्यशीला, ज्या बाईने इंजेक्शन घेतलेलंच नाही, तिला जाळी कशी माहीत असेल? ते कोणीतरी पाहिलेलं आहे. फिलर रक्ताच्या नळीत गेलं की तसं होतं. रक्त बंद होतं, कातडी मरायला लागते. नाकाजवळ असेल तर डोळासुद्धा जातो. तिच्या गालावर होतं का तसं काही?"

नव्हतं. इंदुताईंचे गाल खप्पड होते, रापलेले होते, पण धडधाकट होते. जाऊ खरी होती. कुठेतरी नेरमध्ये एक खरी जाऊ अर्धा गाल पांढरा घेऊन बसली होती आणि आपण तिला बर्फ लावायला सांगून पाठवलं.

"बर्फ तर मुळीच नको," मॅडम म्हणाल्या. "शेक हवा. जा, पळ."

सत्यशीला पळाली. टेबल उघडं, दार उघडं, पेशंट बसलेले. चपला घालायच्या राहिल्या हे तिला चौकात डांबर चटकलं तेव्हा कळलं. बस स्टँडवर नेरची गाडी भरून उभी होती, ड्रायव्हरने गिअर टाकला होता. सत्यशीला दारातून आत घुसली आणि तिला एकदम कळेना, की हाक काय मारायची. नाव माहीत नव्हतं. चेहराही धड आठवेना. इतकी वर्षं ती चेहऱ्यांवर फक्त काय चुकलंय तेवढं पाहत आली होती. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, तिकीट?" ती एकेका सीटवर कान पाहत चालली. मागच्या बाजूला खिडकीला डोकं टेकून एक बाई बसली होती, पदर वाऱ्याने सरकला होता, आणि फाटकी पाळी दिसत होती.

"बाई, तुमची जाऊ खरंच हाये काय?"

इंदुताई चक्रावल्या. "म्हंजे? खोटी जाऊ असते काय?"

साऱ्या गाडीने माना वळवल्या. सत्यशीलाने त्यांना हाताला धरून खाली उतरवलं आणि स्टँडच्या भिंतीशी उभं करून सगळं सांगितलं. चूक झाली, माझीच झाली, हेही सांगितलं. इंदुताईंचा चेहरा पडला, पण वेळ रागावण्यात घालवायची ती बाई नव्हती. धाकट्या जावेचं नाव स्पृहा. लहानपणी गळू होऊन तिच्या डाव्या गालाला खळगा पडलेला. बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं, लग्नात व्हिडिओवाला येणार. काल यवतमाळच्या एका लॉजवर बाहेरगावच्या कोण्या पार्लरवालीने सौंदर्य शिबिर भरवलं होतं, तिथे गुपचूप जाऊन ती इंजेक्शन घेऊन आली. घरचे दोघेच भाऊ, म्हणजे दोघींचे नवरे, कापसाच्या गाड्या घेऊन रांगेत. सासूला सांगायची सोय नाही. स्पृहाने सांगितलं ते फक्त मोठ्या जावेला.

स्टँडवरच्या फोनवरून इंदुताईंनी नेरच्या घराशेजारच्या किराणा दुकानदाराला, पुंडलिकरावांना, फोन लावला. नंबर फिरवताना बोट क्षणभर थांबलं. पुंडलिकरावांच्या कानावर गेलं म्हणजे गावभर झालं, हे दोघींनाही कळत होतं. इंदुताईंनी घसा साफ केला. "भाऊजी, आमच्या स्पृहाची दाढ लय दुखून राह्यली. तिले आत्ताच्या आत्ता काळीपिवळीत बसवून द्या. डॉक्टर निंघून चालला म्हणा." फोन ठेवून त्या सत्यशीलाला म्हणाल्या, "आता तिची दाढ काढा लागली तरी चालते मले, पण डोळा राह्यला पाह्यजे."

मग दोघी दवाखान्यात येऊन वाट पाहत बसल्या. मॅडमनी नागपूरला जायचं पुढे ढकललं आणि ओळखीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून एक औषध मागवून घेतलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात वापरतात ते. तेच औषध फिलर विरघळवतं. एरवी सत्यशीलाने हे सगळं रसभरीत समजावून सांगितलं असतं. आज तिने फक्त शेकासाठी पाणी तापत ठेवलं.

"तुमी मले काय समजल्या होत्या?" इंदुताईंनी मधेच विचारलं.

सत्यशीलाने खरं ते सांगितलं. इथे सगळ्या बायका जावेचं नाव करून स्वतःसाठीच विचारतात, म्हणून.

इंदुताई आधी हसल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजे तुमाले वाटलं, मी माह्या गालासाठी आली? अवो, माह्या तोंडाकडं मी शेवटचं कधी पाह्यलं तेच आठवत नाही. बारक्या पोट्ट्यानं कान ओढला अन् पाळी फाटली. तवापासून आरशात पाह्याचं कामच नाही पडलं." सत्यशीलाला फार वाईट वाटलं. एवढ्या ओरखडलेल्या हातांची बाई कामधाम सोडून दुसरीच्या गालासाठी आली, आणि आपण एकदाही तिचं म्हणणं खरं धरलं नाही.

काळीपिवळीतून स्पृहा उतरली ती पदर तोंडावर घट्ट ओढूनच. पदर काढला तेव्हा गालापासून नाकाच्या कडेपर्यंत पांढरट, निळसर जाळी पसरलेली होती. मॅडमनी डोळ्यांपुढे बोटं धरून काय दिसतं ते विचारलं. नीट दिसत होतं. टेबलावर निजण्याआधी स्पृहाने कानातल्या सोन्याच्या कुड्या काढल्या आणि इंदुताईंच्या ओंजळीत टाकल्या. "तुमच्या कुड्या धरा, बाई." "माह्या कानात राहीनात, म्हणून लग्नात हिलेच देल्ल्या," इंदुताई सत्यशीलाला म्हणाल्या.

इंजेक्शनं दिली, शेक दिला, मॅडम बोटांनी गाल हळूहळू चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने मॅडमनी गालावर बोट दाबून उचललं आणि पांढऱ्या ठशात लाली परत भरताना दिसली. इंदुताई कुड्यांची मूठ छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसल्या आणि मोठ्याने रडल्या.

स्पृहाचा डोळा राहिला, गाल राहिला. नाकाच्या कडेला तिळाएवढा वण उरला आणि लहानपणचा खळगा होता तसाच आहे. बहिणीच्या लग्नात व्हिडिओवाल्यासमोर ती खळग्यासकट नाचली. मॅडम सत्यशीलावर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उत्तर देण्याआधी तोंड पाहत जा." सत्यशीला म्हणाली, "पाह्यतेच ना मॅडम." आणि मग तिची तिलाच शरम वाटली.

जावेची पद्धत तिने मोडली नाही. ती मोडली असती तर अर्ध्या बायका आल्याच नसत्या. तिने एक प्रश्न मात्र वाढवला. बाई बोलून झाली, की ती सहज विचारायची, "दिसते कशी तुमची जाऊ? तुमच्यासारखीच काय?" पुन्हा आलेल्या वच्छलाबाई लाजून म्हणाल्या, "हुबेहूब." खेमसिंग म्हणाले, साडूचं नाक तर अगदी माझंच उचलून लावल्यासारखं आहे. आणि एखादी म्हणायची, "नाही वं माय, ते गोरी हाये, उंच हाये." मग सत्यशीला लगेच पेन काढून नाव, गाव, फोन लिहून घ्यायची आणि जावेला घेऊनच या, म्हणायची. घरी रंगवून सांगणं तिने सोडलं. धम्मदीपला चहा हवा का, तेसुद्धा ती आता विचारते.

पुढच्या साली दिवाळीनंतर इंदुताई आल्या. पदर उजव्या कानावर ओढलेला, हातात रुमालाची छोटी पुरचुंडी. खुर्चीवर बसल्या, इकडे तिकडे पाहिलं.

"ताई, माह्या जावेले इचारायचं होतं."

सत्यशीला खुर्चीतून अर्धी उठली. "स्पृहाले काय झालं?"

"स्पृहा चांगली हाये. दुसऱ्या जावेचं इचारते."

दोनच भाऊ होते. सत्यशीलाला ते माहीत होतं.

"तिच्या कानाची पाळी फाटली हाये. शिवता येते काय?"

"येते. कान बधिर करतात, अर्ध्या-पाऊण घंट्याचं काम. दुखत नाही."

"या वयात चालते?"

"वयाचं काही नाही."

"अन् मंग पुन्हा कुड्या घालता येतात?" इंदुताईंनी पुरचुंडी किंचित उघडून पुन्हा मिटली. "तिच्या लहान जावेनं परत आणून देल्ल्या. म्हणते, तुमच्या कानात दिसल्या पाह्यजे मले."

"काही महिने थांबा लागते, मंग बाजूले टोचायचा. घालता येतात." सत्यशीला जरा पुढे झुकली. "दिसते कशी तुमची ही जाऊ?"

इंदुताईंनी पदर मागे सारला आणि पहिल्यांदा पूर्ण चेहरा तिच्याकडे वळवला.

"पाह्य ना तूच. माह्यासारखीच."

सत्यशीला उठली, आतलं दार उघडलं आणि म्हणाली, "मॅडम, नेरच्या इंदुताईंची जाऊ आलीय."