परत पाठवलेल्या दोन डब्या

गेल्या वर्षी मी दोन अगदी चांगल्या डब्या परत पाठवल्या. डबी म्हणजे हेडफोनचा अॅम्प्लिफायर, खिशात मावणारा. दोन्हींत खोट काढली माझ्या वडिलांनी, आणि त्यांच्या कानावर माझा डॉक्टरच्या रिपोर्टपेक्षा जास्त विश्वास होता.

आम्ही घोटावड्यात राहतो आणि मी हिंजवडीला कामाला जाते. अंतर सांगितलं तर लोक हसतात, लागणारा वेळ सांगितला तर गप्प बसतात. कंपनीच्या गाडीत पुढे ड्रायव्हरची हिंदी गाणी, मागे कुणाची तरी स्पीकरवर मीटिंग, शेजारी एखादा घोरणारा. वैतागून मी मोठे, कान झाकणारे हेडफोन घेतले. पण ते माझ्या फोनला पेलवेनात. आवाज पूर्ण वाढवला तरी गाणं शेजारच्या घरात लागल्यासारखं यायचं. गाडीतल्या लातूरकडच्या सहकाऱ्याला या गोष्टींचा भारी नाद. तो म्हणाला, ‘मध्ये अॅम्प लागेल तुम्हाला. बॅटरी आठवडाभर टिकली पाहिजे, गाणं थांबल्यावर खरखर यायला नको, बस.’

बस म्हणणं सोपं आहे. मी कुठलीही वस्तू पटकन घेत नाही. आई म्हणते, हिला भेंडी आणायला पाठवलं तर ही एकेक मोडून बघत दुपार करील. डबी पारखायला मी एकच रेकॉर्डिंग ठरवलं होतं. आमच्या वस्तीतल्या विहारात जयंतीला आमची गायन पार्टी गाते, तिचं जुनं रेकॉर्डिंग. ढोलकीवर पप्पा. ते मला पाठ होतं, आणि ज्याने वाजवलं तो माणूस घरातच होता. मग परीक्षक दुसरा कशाला शोधायचा?

पप्पांचा कान हे आमच्या घरचं भूषण होतं. उरवड्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर पत्र्याची प्रेस चालवली. पत्रा कापणारी डाय बोथट व्हायला लागली की सुपरवायझरच्या आधी त्यांना कळायचं, नुसत्या आवाजावरून. कंपनी कानात घालायला रबरी बोळे द्यायची, ते त्यांच्या खिशातच राहायचे. ‘कान बुजवल्यावर मशीन काय सांगतंय ते कळायचं कसं?’ असं ते म्हणायचे आणि आम्ही ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्याकडे ढोलकीच उरली. रविवारची प्रॅक्टिस सोडली तर घड्याळाकडे बघायचं त्यांना कारण नव्हतं. ढोलकी सुटली तर हा माणूस काय करील, याचा विचार मी मुद्दामच करत नसे.

पहिली डबी आली तेव्हा रविवार होता. पप्पा ओट्यावर बसले, टोपी काढून हेडफोन चढवले आणि म्हणाले, ‘चालू झालं का?’

‘झालं,’ मी म्हणाले. डोळे मिटून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं.

‘आवाज भरपूर हाय. धूम झ्याक. पण शाई बोलत न्हाई.’

ढोलकीच्या एका तोंडाला काळी शाई लावलेली असते. ती बाजू बारीक, टणटणीत वाजते आणि दुसरी, म्हणजे धूम, घुमते. मला दोन्ही बाजू छान ऐकू येत होत्या. पण मला काय कळतं? मी आयटीतली. डबी परत गेली. गाडीत सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. ‘अहो, वरच्या सुरांसाठीच तर तिचं नाव आहे!’ मला त्याचा रागच आला. ढोलकी कुणाचे वडील वाजवतात, तुझे की माझे?

दुसरी डबी आली, तिच्याही बाबतीत तेच. ‘चालू झालं का?’ मग डोळे मिटणं, मग मान हलवणं. ‘हिचीबी शाई मुकीच हाय.’ मी तीही परत पाठवली आणि मनातल्या मनात बनवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडली.

तिसरी आली तेव्हा जयंती महिन्यावर होती. ही सगळ्यांत लहान, काडेपेटीएवढी. पप्पांनी हेडफोन चढवले. मी बटण दाबलं. सुरू होताना या सगळ्याच डब्या एकदा बारीक ‘टी’ करतात. मी त्यांच्या शेजारी बसले होते, तर हेडफोनच्या कडेतून तो आवाज मलासुद्धा ऐकू आला.

‘चालू झालं का?’ पप्पांनी विचारलं.

मी डबी बंद केली आणि परत सुरू केली. ‘टी’ वाजलं. मला बाहेर बसून ऐकू आलं, त्यांच्या तर कानावरच होतं.

‘अगं, चालू कर की.’

मग एकेक आठवायला लागलं. गेल्या काही महिन्यांत प्रॅक्टिसला पेटीवाले काका आधी येऊन बसायचे. पप्पा यायच्या आतच ढोलकीच्या दोरीतल्या कड्या ओढून ती सुरात लावून ठेवायचे, आणि ‘लागलीय दादा, हात नका लावू,’ म्हणायचे. मला वाटायचं, वयाचा मान. त्याआधी पप्पा ढोलकी इतकी चढी लावायचे की गाणाऱ्यांचे गळे फाटायचे. आपल्याला शाई ऐकू यावी म्हणून ते ओढत होते, अजून ओढत होते. सगळ्या पार्टीला कळलं होतं. कळलं नव्हतं ते घरात.

आता माझ्या हातात दोनच रस्ते होते. ही डबी परत पाठवली तर पप्पांचा कान शाबूत राहणार होता. ठेवली तर का ठेवली ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगितल्यावर ढोलकी खुंटीला लागली तर? मला भीती वाटली. पण खोटं बोलत तरी किती डब्या परत करणार?

मी त्यांच्या कानावरचे हेडफोन उतरवले. ‘डबी बरोबर हाय, पप्पा. पैल्या दोन बी बरोबर व्हत्या.’

ते हेडफोनची वायर बोटांवर नीट गुंडाळत बसले.

‘मला वाटलंच व्हतं,’ ते म्हणाले. ‘पर तू पैली परत धाडलीस तवा लई बरं वाटलं. म्हनलं, पोरगी शिकलेली हाय, तिलाबी पटलंय, म्हंजी डबीच खराब आसंल. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललं व्हतं माजं.’

मला रडू आलं. मी त्यांच्या कानावर विश्वास ठेवत होते आणि ते माझ्या निकालावर जगत होते.

‘पार्टीत म्हाईती हाय का?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय. कड्या पेटीवाले काकाच ओढून ठेवत्यात.’

‘आन मला वाटलं मान देत्यात,’ ते हसले.

‘मान बी देत्यात.’

मग त्यांनी हेडफोन माझ्यापुढे धरले. ‘तुज्या कानाला लाव. शाई हाय का बघ.’

मी ऐकलं. ‘हाय.’

‘कशी हाय?’

‘खणखणीत.’

‘मग ही ठिव. परत धाडू नको.’

कानांची तपासणी नंतर झाली. यंत्र बसेल, पण गेलेलं सगळं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या आधीच्या रविवारी मात्र ते विहारात सगळ्यांच्या आधी गेले होते. मी दारात चपला काढत होते. पेटीवाले काका आले तसे पप्पांनी स्वतःच ढोलकी त्यांच्यापुढे सरकवली.

‘कड्या तू ओढ,’ ते म्हणाले. ‘लागली की सांग. मग म्या हायेच.’