सच्याचं दीड बोट

लग्नात मला भांडी कमी आणि किस्से जास्त मिळाले. भांडी माळ्यावर गेली; किस्से मात्र दर रविवारी चहाबरोबर खाली उतरतात. माझा नवरा मंगेश, त्याचा गॅरेजवाला दोस्त इरफान आणि झेरॉक्सवाला सच्या, तिघं सोलापुरात एकाच बाकावर शिकलेले. आता एकत्र बसायला त्यांना रविवार लागतो. मी चहा गाळत ऐकते. त्यांना वाटतं, वहिनी शांत आहे. वहिनी साठवतेय!

*

कॉलेजात तिघांचा मावा एकाच पन्नीत. सुपारी, तंबाखू, चुना सच्यानं चोळायचं, तीन वाटे करायचे आणि मोठा वाटा स्वतः घ्यायचा. का, तर "चोळायची मेहनत कुणाची बे?"

मंगेशनं नोकरी लागल्यावर सोडला, इरफाननं मुलगी झाल्यावर. सच्यानं दोघांचेही वाटे सांभाळले! "एकानं तरी दोस्तीला जागायला पाहिजे की!"

हे सांगताना मंगेश हसतो. मग चहा गार होईपर्यंत कपात बघत राहतो.

*

सच्याच्या दुकानात येणारी प्रत्येक बाई 'ताई'. शाळकरी मुलगी ताई, सत्तरीची आजीही ताई. जवळच्या शाळेतल्या पद्मा मॅडम प्रश्नपत्रिका झेरॉक्स करायला यायच्या. एकदा त्या गेल्यावर इरफान ओरडला, "मंग्या, ह्यानं ताई न्हाई म्हटलं!"

सच्याचे कान लाल. आणि तोंडात मावा, त्यामुळे 'तसं काही नाही' म्हणायचीही सोय नाही!

*

गाडी त्यापुढं जाईना. मॅडम आल्या की ह्याचं तोंड भरलेलं. नुसतं "हं, हं". मॅडमना वाटलं, बिचारा मुका आहे. त्या खुणा करायला लागल्या. दोन बोटं, मग पंजा उलटा, म्हणजे दोन कॉपी, पाठपोट. दोन महिने! शेवटी इरफाननंच सांगून टाकलं, "मुका न्हाई ओ मॅडम, मावा हाय तोंडात."

मॅडमनी कागद काउंटरवर ठेवले. "थुंकून या. मी थांबते."

सच्या चूळ भरून आला. तोंड मोकळं, आणि डोकंही! इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं सोडून म्हणाला काय, तर "पाठपोट करायचंय?"

*

पुढचं मी स्वतः पाहिलंय. आमच्या लग्नाच्या पंगतीत मित्र सच्याला लाडू भरवायला गेले आणि लाडू दातांपाशी अडला. हसत हसत अर्धा केला. तोही अडला. मग चार तुकडे केले, आणि हसणं थांबलं.

त्याच आठवड्यात मंगेश आणि इरफाननं त्याला धरून डॉक्टरकडे नेलं. चांगल्या माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. सच्याच्या तोंडात दीड! डॉक्टर म्हणाले, "माव्यानं जबडा आखडलाय. आजपासून बंद. नाहीतर पुढं बोट नाही, फक्त नळी जाईल."

*

मावा सुटला. रडत, चिडत, पण सुटला. दातांत लाकडी काड्या धरून जबडा ताणायचा, दर आठवड्याला एक काडी वाढवायची, असा व्यायाम होता. काड्या कमी पडू नयेत म्हणून इरफाननं एकाच दुपारी नऊ आईसकँडी खाल्ल्या आणि तापानं झोपला.

मंगेश त्याला बघायला गेला. म्हणाला, "अरे येड्या, त्या काड्या दवाखान्यातच देतात की!"

*

हा शेवटचा किस्सा इरफाननं पाहिलेला. सच्या तेव्हा अडीच बोटांवर आला होता. पद्मा मॅडम हातानं लिहिलेला कागद घेऊन आल्या. त्यांचा स्वतःचा बायोडाटा, लग्नाचा. टाइप करून हवा होता.

सच्या टाइप करत गेला. नाव, शिक्षण, उंची. शेवटी 'अपेक्षा'. तिथं लिहिलं होतं, 'मुलगा निर्व्यसनी असावा.'

त्याचा हात थांबला. मग त्यानं तेही टाइप केलं, अक्षर न् अक्षर.

मॅडम स्क्रीनकडे बघत होत्या. "तेवढं बदला," त्या म्हणाल्या. "'व्यसन सोडलेला असला तरी चालेल', असं टाका."

सच्यानं टाकलं. मान वर न करता विचारलं, "किती कॉपी काढू?"

"एकच."