बासरीतला दम

जव्हारच्या एका दुकानात मी स्वस्तातल्या दोन स्पीकर-जोड्या आळीपाळीनं ऐकत होतो, एक काळी, एक तपकिरी. दोन्हींवर तीच बासरी लावली, तरी मला फरक कळेना. शेजारी जामसरची एक म्हातारी बॅटरीचे सेल घ्यायला थांबली होती. कानावरचा पदर मागे सारून तिनं मान तिरकी केली.

"दादा, काळा घे," ती म्हणाली. "वाजवणारा मधी दम घेतो, तो काळ्यात आयकू येतो. दुसऱ्यात नाय."

काळ्या स्पीकरला कान टेकवला, तेव्हा कुठे मला तो श्वास सापडला. महिनाभर स्पीकरांविषयी वाचून आलेला मी, आणि तिला हे उभ्या उभ्या ऐकू आलं! मी जळलोच.

"कसं कळलं, मावशी?"

"माझा म्हातारा तारपा फुकतो. आता त्याला लवकर दम लागतो. मी खाचरात वाकलेली असले तरी ध्यान तिकडंच असतं."

सेल ओच्यात बांधून ती एसटी गाठायला गेली.

मी काळे स्पीकर घरी आणून लावले. बासरी स्वच्छ वाजत होती. तिच्या कानांचा हेवा एव्हाना ओसरला होता. आता मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटत होता.