सदाशिवरावांच्या फाटकावरचा फाग

संगीता राठोडचं वाईट करायचं असेल तर माणसाने आधी जिल्हा सोडावा, असं मी माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मी फकिरा. महागाव ते पुसद मॅजिक चालवतो आणि वाटेत भावसिंग नायकाच्या बंजारा तांड्यावर थांबतो. संगीता तिथलीच. एका वर्षी कापूस मोजताना मापाड्याने तिला फसवलं. ती भांडली नाही, रडली नाही. सरळ काट्याच्या पाटावर जाऊन बसली आणि उठेचना. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. लोक शिव्या घालत होते, पण मापाड्याला. तिला घालायची कोणाची छाती नव्हती. शेवटी मापाड्याने हात जोडले. कोणाचा राग दुधासारखा उतू जातो आणि तिथेच विझतो. संगीताचा राग लोणच्यासारखा मुरतो.

तिची पोरगी राखी तांड्याच्या शाळेत पाचवीला होती. पोरगी हुशार. गाडीत बसली की रस्त्यावरच्या पाट्या वाचून मला प्रश्न विचारून हैराण करायची. पण तांड्यावर हुशारी फार दिवस टिकत नाही. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला पश्चिमेकडे जातो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि पोरं फडावर धाकट्या भावंडांना सांभाळतात. संगीताची शाळा अशीच तिसरीत सुटली होती. राखीची सुटू द्यायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून त्या साली ती तोडीला गेलीच नाही. नवरा राजकुमार आपल्या भावाला घेऊन गेला. ती राखीजवळ राहिली, कारण राखी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती.

ही परीक्षा निघाली तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं शाळेचं. नाही निघाली तर पुढच्या दिवाळीला राखी उसाच्या फडात. मधली वाट नव्हती. त्या शाळेतल्या बऱ्याच जागा खेड्यातल्या पोरांसाठी राखीव असतात. तिसरी, चौथी, पाचवी खेड्याच्या शाळेत काढलेल्या पोरांसाठी. गरिबाच्या पोरांना सोय व्हावी म्हणून केलेला नियम. आता सोय कोणाची झाली ते ऐका.

परीक्षेला मीच दोघींना पुसदला नेलं. पेपर सुटल्यावर राखी बाहेर आली ती बुचकळ्यात पडलेली.

"याडी," ती आईला म्हणाली, "सरनं आपल्या शाळेचं नाव घेतलं तं एक पोरगा उभा राह्यला. मी तं त्याले कधी पाह्यलंच नाही."

"कसा दिसते?"

"गोरा हाय. चष्मा हाय. मोठ्या गाडीतून उतरला."

परतीच्या वाटेवर संगीताने मला दोनदा विचारलं, आपल्या शाळेत चष्म्याचं पोरगं कोणतं म्हणून. मी काय सांगणार? तांड्यावर चष्मा फक्त भावसिंग नायकाला आहे, आणि तो सत्तरीचा.

होळीच्या तोंडावर निकाल लागला. तांड्याच्या शाळेचा एक मुलगा खेड्याच्या राखीव जागेवर निवडला गेला होता. राखी प्रतीक्षा यादीत पहिली. म्हणजे वरचा एक कोणी गळाला तरच तिचा नंबर. आणि त्याच आठवड्यात पुसदच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. चष्मेवाला पोरगा, त्याच्या मागे सदाशिवरावांचा हसरा चेहरा आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'. राखी माझ्या खिडकीतून ओरडली, "याडी, हाच तो!"

सदाशिवरावांना कोण ओळखत नाही? खता-बियाण्यांचं मोठं दुकान, तीन मजली घर, पुढे लोखंडी फाटक. रजत त्यांचा नातू. पोरगं पुसदच्या महागड्या क्लासला जायचं आणि त्याचं नाव मात्र तीन वर्षांपासून तांड्याच्या हजेरीपटावर. तो एकही दिवस शाळेत आला नव्हता आणि एकही दिवस गैरहजर लागला नव्हता. ही करामत हेडमास्तर पुंडलिकराव गुरुजींची.

संगीता गुरुजींकडे गेली तेव्हा मी बाहेर गाडी लावून उभा होतो. सगळं ऐकू येत होतं.

"कागद सारे बरोबर हायेत, संगीताबाई," गुरुजी म्हणाले. "अन वाईट कायले वाटून घेता? आपल्याच शाळेचा पोरगा लागला. तांड्याचा पोरगा लागला म्हणा अन पेढे खा."

खोटं बोलणारा माणूस मी समजू शकतो, मीही पोलिसाशी बोलतो. पण ज्याला लुटलं त्यालाच वर पेढे खायला सांगणारा माणूस पाहिला की माझं टाळकं सरकतं. मला वाटलं, संगीता आता गुरुजींची गचांडी धरणार. ती सरळ गाडीत येऊन बसली. अर्ध्या वाटेवर एकटीच हसायला लागली.

"फकिराभाऊ, गुरुजी खरं बोलले. तांड्याचा पोरगा लागला. मंग तांड्यानं नाचाले नको?"

भावसिंग नायकाचं म्हणणं होतं की आधी अर्ज करावा. संगीता म्हणाली, "करू ना, नायक. पण कागदाले कागद दाखोला तं त्याईचा कागद मोठा. पयले सदाशिवरावाच्याच तोंडून खरं वदवून घेऊ."

होळी झाली की तांड्याच्या बाया गेरणी होऊन निघतात. डफावर लेंगी गातात, नाचतात, रस्त्यात भेटेल त्याला अडवतात आणि फाग, म्हणजे होळीची बक्षिसी, मागतात. तहसीलदाराची गाडीसुद्धा अडते. त्या दिवसात गेरणींवर कोणी रागवत नाही, अशी रीतच आहे. दरवर्षी त्या जवळपासच्या रस्त्यावरच फिरतात. त्या वर्षी माझी मॅजिक भरून पुसदला आल्या. आरसे लावलेले फेटिये म्हणजे घागरे, तशाच कांचळ्या म्हणजे चोळ्या, हातभर बांगड्या आणि सगळ्यांच्या पुढे संगीता. मीच गाडी सदाशिवरावांच्या फाटकाशी नेऊन उभी केली आणि खोटं कशाला बोलू, हॉर्नही मीच वाजवला.

डफ वाजू लागला. लेंगीत त्यांनी रजतचं नाव गुंफलं होतं: आमच्या तांड्याचा रजत मोठ्या शाळेत चालला. समोरच्या, बाजूच्या गच्च्यांवर माणसं जमली. मोबाइल निघाले. रजत स्वतः धावत बाहेर आला. त्याच्या आयुष्यात त्याच्या नावाचं गाणं कोणी म्हटलं नव्हतं. गालाला गुलाल लावून घेऊन तो बायांमध्ये नाचायला लागला. त्या पोराकडे पाहून माझा हात चावीकडे गेला. पण गाडी मी वळवली नाही.

सदाशिवराव हसत बाहेर आले आणि खिशात हात घातला. संगीताने तो हात हातानेच थांबवला.

"पैसे नको, काकाजी. आपला पोरगा लागला, त्याले न्याले आलो. नायकापुढं बसवू, गूळ खाऊ घालू. तांड्यात तुमचं घर कोणतं, तेवढं सांगा. आंगण सारवून ठेवतो."

गच्चीवरून कोणीतरी खिदळलं. सदाशिवरावांचं हसू गेलं.

"सांगा ना, काकाजी. आजपासून तुम्हीबी आमचेच. या, नाचा." आणि तिने आपली ओढणी त्यांच्या खांद्यावर टाकली.

एवढं मात्र त्यांना सोसलं नाही. तांड्याची जागा त्यांना चालत होती, तांड्याची ओढणी चालली नाही. ती फेकून देत ते ओरडले, "दूर व्हा! माझा नातू काय तांड्यातला हाय? जन्मात तुमच्या तांड्याची पायरी चढला नाही तो!"

डफ थांबला.

"शाळेचीबी नाही?" संगीताने अगदी हळू विचारलं.

"नाही म्हणतो ना! एक दिवस नाही!"

"बाबा!" आतून सुनेने हाक मारली. उशीर झाला होता. संगीताची भाची वर्षा मोबाइल समोर धरून उभी होती आणि गच्च्यांवरचे मोबाइल वेगळे.

"झाला आमचा फाग," संगीता म्हणाली आणि ओढणी उचलून झटकली.

मग अर्ज झाला. भावसिंग नायक तो व्हिडिओ घेऊन निवासी शाळेत आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. चौकशी लागली. एकही दिवस न चढलेल्या पायरीवर तीन वर्षं हजेरी कशी, याचं उत्तर पुंडलिकराव गुरुजींना देता आलं नाही. रजतची निवड रद्द झाली, गुरुजी निलंबित झाले आणि राखीच्या नावाने बोलावणं आलं. सदाशिवरावांनी मध्येच संगीताच्या घरी निरोप पाठवला होता, होळीची मस्करी होती असं लिहून दे म्हणून. संगीताने निरोप्याला जेवू घालून परत पाठवलं.

पण खरी गंमत पुढेच होती. रजतचं नाव दुसऱ्या कुठल्याच शाळेत नव्हतं. पाचवी पास व्हायची तर वार्षिक परीक्षा तांड्याच्याच शाळेत द्यावी लागणार होती. भर एप्रिलात सदाशिवराव नातवाला घेऊन तांड्यावर आले. पोरगं खाली मान घालून वर्गात गेलं. राखीने सरकून त्याला जागा दिली. सदाशिवराव बाहेर लिंबाखाली घामाघूम बसून राहिले. दारादारात बाया उभ्या राहून पाहत होत्या.

संगीता लोटाभर पाणी घेऊन त्यांच्यासमोर गेली.

"माझ्या नातवाची शाळा खाल्ली तू," ते म्हणाले.

"नाही, काकाजी. तुम्ही माझ्या पोरीचे सात वर्ष खाऊन राह्यले होते. मी तुमच्या तोंडातून काढले. प्या, ऊन लई हाय."

ते लोट्याकडे पाहत राहिले. ऊन खरंच फार होतं. शेवटी त्यांनी लोटा घेतला आणि तोंडाला लावला. पाणी संपेपर्यंत संगीता जागची हलली नाही. मग रिकामा लोटा काखेत मारून माझ्याकडे वळली.

"फकिराभाऊ, जूनमधी राखीची पेटी न्याची हाय. पुढची सीट कोणाले देऊ नको."